एक नोंद कमी

डिचोलीच्या बंद वजनकाट्यावर
अजून एक संगणक आहे, अठ्ठ्याण्णवच्या विंडोजचा.
खाण थांबून बारा वर्षं झाली,
पंखा फिरला की अजून थोडी तांबडी धूळ बाहेर येते.

कंपनीला जुने आकडे हवेत, कुठल्याशा लवादासाठी.
मी साखळीहून आले फायली नव्या यंत्रावर न्यायला:
दिवसाचे अडीच हजार, जेवण वेगळं.

नवं यंत्र जुन्या प्रोग्रामला उंबऱ्यावरच अडवतं.
मग हार्ड डिस्कच काढली. चार स्क्रू,
त्यातला एक गंजून बसलेला,
खोबरेल सोडून वाट पाहिली.
ट्रिप डॉट डीबीएफ. चौदा एमबी.
एवढ्यात हल्ली एका लग्नाचे तीन फोटो मावतात.

आत: तारीख, ट्रक, ड्रायव्हर, भरलेलं वजन, रिकामं वजन.
ड्रायव्हरला बाराच इंग्रजी अक्षरांची जागा,
तेराव्यापाशी आडनाव तुटतं.
पुंडलिक नावाचे तिघे, एक गावस, एक गावकर, एक गावणेकर,
इथे तिघेही नुसते
पुंडलिक गाव.

दुपारी मोजणी केली.
जुनीकडे एकसष्ट हजार दोनशे चार,
नवीकडे दोनशे तीन.
पुन्हा आणल्या. पुन्हा तीन.
चहा घेतला, पुन्हा आणल्या.

जुन्या फॉक्समध्ये पुसलेली ओळ जात नाही.
तिच्या कपाळाला एक चांदणी लागते
आणि ती बसून राहते आपल्या जागी,
कोणी पॅक म्हणेपर्यंत.
नवं यंत्र चांदणीवाल्यांना घेत नाही.

सतरा मार्च दोन हजार चार. रात्री नऊ चाळीस.
पुंडलिक गाव.
भरलेलं: पंधरा टन सहाशे ऐंशी.
रिकामं:

सगुण मळीक तेव्हा काट्यावर कारकून,
आता इथलाच राखणदार. चष्मा न लावताच
त्याने ती ओळ वाचली.
"सारमानसाच्या धक्क्यावयल्यान गेलो तो. ट्रकासयत.
सायब म्हणाले, ही ट्रिप झालीच नाही.
पुसूंक सांगलें, पुसलें.
पूण पॅक केलें ना."

पुढे आठ वर्षं फाईल रखडत चालायची,
बाहेर ट्रकांची रांग, आत फोनवर शिव्या,
अरे, पॅक कर ती एकदा!
आणि हा म्हणायचा, करतां, सायबा, करतां.

"कुठला पुंडलिक?" मी विचारलं.
"गावकर. मयेचो."
नव्या रकान्यात पन्नास अक्षरांची जागा आहे.
पूर्ण नाव लिहून बरीच उरली.

सेव्ह केलं तर लाल अक्षरं: रिकामं वजन भरा.
शून्य टाकावं तर ट्रकला वजनच नव्हतं असं होतं.
सरासरी टाकावी तर तो परत आला असं होतं.
मग रकान्याची घडणच उघडली,
'आवश्यक' समोरची खूण काढली.
एकसष्ट हजार दोनशे चार.

सगुण बराच वेळ पडद्याकडे बघत होता.
"हातूंत पुसलें जाल्यार? चांदणी येता?"
नाही म्हटलं, यात पुसलं की गेलंच.

"मागीर तें बटण," तो म्हणाला,
"कोणाक दाखय नाका."