बिंदू वगळताना

हान्स्ट्रा बाईंच्या प्रत्येक शोधनिबंधाची
दुसरी ओळ ठरलेली :
समजा, कुठलेही तीन बिंदू एका रेषेत नाहीत.

एकतीस वर्षं असंच समजून चाललं.
ग्रोनिंगनच्या सपाटीवर,
जिथे कालवा, बांध, पॉप्लर, गाई
सगळंच एका रेषेत,
तिथे हे समजणं म्हणजे धाडसच.

वडील हार्लिंगेनच्या धक्क्यावर जाळी दुरुस्त करायचे.
फाटलेल्या जागेकडे आधी बराच वेळ नुसते बघायचे,
मग एकच गाठ.
माझा प्रबंध त्या बघण्यावर आहे, बाई म्हणायच्या,
परीक्षकांना त्यात त्रिकोण दिसले.

नंतर नोकरी. तात्पुरती, मग आणखी तात्पुरती.
बाळंतपण नेमकं अर्जाच्या शेवटच्या तारखेला.
आणि कायम झाल्यावर, अकरा वर्षं जुन्या सिद्धतेत
एका पोराला भोक सापडलं :
चार बिंदू एकाच वर्तुळावर आले तर?
पोरगा एकोणीस वर्षांचा, घामाघूम.
बाईंनी त्याच्या हातात खडू दिला
आणि स्वतः पहिल्या बाकावर जाऊन बसल्या.
दुरुस्ती छापली तेव्हा नाव त्याचं आधी.
तो पोरगा मी.

घरी मात्र तीन बिंदू एका रेषेत आले :
त्या, काम, आणि कामाच्या पलीकडे येले.
मधला बिंदू पलीकडच्याला झाकतो.
हे त्यांनीच सांगितलं, कँटीनमध्ये,
वाटाण्याचं सूप निवत असताना,
तळटीप वाचावी तसं.

त्यांचा आवडता तास टपालपेट्यांचा.
फळ्यावर गाव, गावात पेट्या,
प्रत्येकीभोवती तिचा मुलूख :
ज्या घरांना ती सगळ्यांत जवळ, ती घरं तिची.
आता एक पेटी पुसा.
बघा, रिकामं काही उरत नाही.
लगतच्या रेषा सरकतात, मुलूख वाटला जातो,
लांबच्यांना पत्ताही लागत नाही.

जूनमध्ये चारशे सात नंबरची खोली रिकामी झाली.
मंगळवारचा तास मारेकेला.
खिडकीतलं जिरॅनियम ऑफिसातल्या हिल्टयेला,
ती त्याला फार पाणी घालते.
अर्धवट प्रमेयांच्या तीन वह्या माझ्याकडे,
त्यात एका पानावर नुसतं जाळं, न गाठवलेलं.
डीनना पत्ताही लागला नाही.

काल एक मुलगी त्या दाराशी घुटमळत होती,
हातात कागद, खोडून खोडून काळा झालेला.
म्हटलं, इकडे ये,
आता तुला सगळ्यांत जवळचा मीच.

तिला ते अंतर
बरंच वाटलं असावं.