आधार

लातूर. बार्शी रोडवरच्या सरकारी विश्रामगृहाचा हॉल.
पंखा दोनवर टाकला की टेबलावरचे कागद उडतात
म्हणून एकवरच.
आम्ही चौदा जण, हजेरीपत्रकात सगळ्यांपुढे
एकच शब्द: असैनिक.
कस्टमचे इनामदार, हवामान खात्याचा ढवारे,
दिल्लीहून आलेली, कुठल्या खात्याची ते न सांगणारी एक,
आणि मी.

पद्मजा मॅडम गणवेशाशिवायच कडक.
म्हणाल्या, फायलीत 'वाटतं' चालत नाही.
शक्यता कमी, शक्यता बरी, जवळजवळ नक्की,
यातलं एक निवडायचं, आणि खाली आधार लिहायचा.
तुमच्या एका ओळीवर
वर कुणीतरी रात्री फोन उचलणार असतो.

मग शिकवलं:
जमिनीखाली बॉम्ब फोडला तर तो सगळ्या दिशांना
सारखाच ढकलतो.
भूकंप तसा नाही.
तो कुणाला ढकलतो, कुणाला ओढून घेतो.
ढवारे हळूच म्हणाला, लै खरं.

जेवणानंतर परीक्षा. प्रत्येकाला एक आलेख,
तारीख पुसलेली, ठिकाण पुसलेलं.
स्फोट की भूकंप?
माझ्या कागदावर कोपऱ्यात पेन्सिलनं लिहिलेली वेळ
तेवढी राहून गेली होती:
पहाटेचे तीन छप्पन्न.

मी सहा वर्षांची होते.
विसर्जनाहून येताना ट्रॉलीतच झोपले,
गुलालाच्या रिकाम्या पोत्यावर.
बा म्हणाला, राहू दे, उठवू नको तिला.
घरात गेले ते चौघं.

रेषा आधी बारीक थरथरते,
मग दुसरी लाट येते, आडवी, उंच,
कागदाच्या कडेला जाऊन कापलेली.
दूरच्या केंद्रावर दोघींच्या मधे सव्वीस सेकंद.
आमच्या घरात किती असतील?
कडी काढण्याइतके?

लिहिलं: भूकंप. जवळजवळ नक्की.
आधार:
पेन बराच वेळ तिथंच.
मग लिहिलं, दुसरी लाट पहिलीपेक्षा कितीतरी मोठी.

मॅडमनी बरोबरची खूण केली,
'नक्की'खाली रेघ मारून विचारलं,
एका आलेखावर एवढी खात्री?
म्हटलं, कमी करते.

संध्याकाळी टपरीवरच्या पोरानं चहा देता देता विचारलं,
ताई, कशाचा कोर्स करायलाव तुमी?
म्हटलं, सांगता येत नाही.
त्याला वाटलं, मी नापास झाले.
बिस्किटाचे पैसे घेतले नाहीत त्यानं.