फणीपाशी

ब्लेझर म्हटलं तर बाबा म्हणाले,
"सेहेचाळीस डिग्रीत कोट? लगन कोणाचं हाये?"
कोट नाही बाबा, दीर्घिका.
तिच्या पोटात काळं विवर,
विवराच्या काठावरून सुटलेला झोत
नेमका आपल्यावर रोखलेला.
जरा तिरका असता
तर नावसुद्धा दुसरं पडलं असतं त्याचं.
"आपल्यावरच काहून?"
मी कूलरमध्ये पाणी टाकत राहिले.

बाबा सीताबर्डीच्या फुटपाथवर गॉगल विकतात.
माग मोडीत निघाला तेव्हा मी सातवीत होते.
तांडापेठेतल्या खोलीत मागाचा खड्डा तेवढा राहिला,
त्यावर फळ्या टाकून माझं टेबल.
गिऱ्हाइकाला पोलरॉइड ते असं पटवतात:
त्याच्याच मोबाइलवर काच धरायची,
हळूहळू फिरवायची.
स्क्रीन काळी.
अजून फिरवायची. स्क्रीन उजळ.
"ओरिजनल," म्हणतात, आणि मग भाव.

मी तेच करते. मोबाइल फक्त
चाळीस कोटी प्रकाशवर्षं लांब,
आणि क्ष-किरण काचेला भीक घालत नाहीत.
एकेक फोटॉन वायूत शिरतो,
एक इलेक्ट्रॉन उडवतो,
त्यानं पहिलं पाऊल कोणीकडे टाकलं
एवढंच उपग्रह टिपून ठेवतो.
हजारो पावलं. त्यातून एक कोन.

एका साक्षीदारावर भागत नाही.
हानलेच्या दुर्बिणीवर दोन रात्री ढग.
रेडिओचे आकडे स्पेनमधल्या डोंगरावरून,
मेलमध्ये वरच लिहिलेलं: कच्चे आहेत, कोणाला दाखवू नका.
गॅमा किरण आपल्याच घाईत.
सगळ्यांना एकच विचारायचं,
त्या आठवड्यात तिथे झालं काय?
इतवारीच्या चौकात भांडण झालं की
पानवाला एक सांगतो, हमाल दुसरं,
वरच्या खिडकीतली बाई तिसरंच,
आणि खरं असतं तिघांच्या मध्ये कुठेतरी,
चप्पल शोधत.

रात्री अडीचला आकडे ओळीत बसले.
एकाच दिशेने डोलणारा उजेड किती?
रेडिओत शंभरातला दोन.
दृश्य प्रकाशात चार.
क्ष-किरणांत पंधरा.
म्हणजे कण जितका ताजा, जितका तापलेला,
तितका त्याचा उजेड शिस्तीचा.
धक्क्याच्या भिंतीपाशी चुंबकी रेषा एका वळणाच्या,
पुढे वाहत गेलं की गुंता,
थकवा,
रेडिओ.

सकाळी चहाला हे सांगितलं, हातानं हवेत रेघा ओढत.
बाबा बशीत फुंकर घालत होते.
"थे तं हाये ना, मोनाली.
फणीपाशी सूत सरळच रायते.
दूर गेलं का मंग कोणाचं आयकते थे?"

यासाठी मी प्रबंधात तीन पानं लिहिली होती.
आकृतीसकट.

पण पुढच्या निरीक्षणात कोन फिरलेला.
दिवसाला ऐंशी अंश, जास्तच थोडा,
आणि दृश्य प्रकाश मात्र ढिम्म.
म्हणजे झोताच्या गाभ्यात कुठेतरी पीळ आहे,
आणि धक्का त्या पिळावरून
गोल गोल पुढे सरकतोय.
असावा. एरर बार माझ्या बोटाएवढे आहेत,
आणि आमचे सर "असावा" हा शब्द
लाल पेनाने कापतात.

बाबांना विचारलं, सुताला पीळ कसा देतात?
ते हसले नाहीत.
अंगठा तर्जनीवरून सरकवला,
एकदा, पुन्हा एकदा.
चिमटीत काही नव्हतं,
तरी मला दिसलं
ते उजवीकडून डावीकडे फिरतंय.

वहीत लिहिलं: उजवीकडून डावीकडे? तपासणे.

तोवर बाबा गॉगलचा बोर्ड खांद्यावर टाकून
दारात पोचलेले.
ऊन चढायच्या आत जागा धरावी लागते,
समोरच्या बाजूला बसलं
तर गिऱ्हाइकाच्या डोळ्यावर तिरीप येत नाही,
आणि मग कोणी थांबत नाही.