शिंगाडे

पहाटे चारलाच चुलीवर चढवले शिंगाडे,
काल बोडीतून काढलेले.
जवस भाजला, तीळ भाजले,
फुटाण्यांना मीठ लावलं नाही.
डॉक्टरीणबाईनं ह्यांचं बीपी पाहून
माझ्यावरच डोळे वटारले होते.

"रस्त्यात तळलेलं काही नाही," मी म्हणली
निकेशच्या ओमनीत चढता चढता.
डबा मांडीवर, हात झाकणावर.

साकोलीपर्यंत कोणी बोललं नाही.
मग फाट्यावर आलुबोंड्याची कढई दिसली.
हे म्हणले, गाडीला पाणी लागते वाटते.
निकेश म्हणे, हो काका, लय तापली.
मी काचेबाहेर पाहत राहिली,
शेताकडे.
तळलेली मिरची मात्र मीच मागितली,
एक जादाची.

अमरावतीला, होस्टेलच्या पायरीवर
डबा तसाच्या तसा पोचला.
पोरीनं बॅग खाली न ठेवताच
दातांनी शिंगाडा फोडला.
"आई, बोडीचा वास येते ह्याला,"
आणि आम्हाला विचारलंसुद्धा नाही.

परतताना रिकामा डबा
प्रत्येक खड्ड्यात वाजत होता.
हे म्हणले, धर ना त्याला.
मी नाही धरला.