फक्त वाचण्यासाठी

सकाळी नऊ वाजून सात मिनिटांनी
हियुमा बेटावरून उर्वेबाईंचा फोन:
"दार उघडतंय, पण आत खोलीच नाही."
मी टार्टूत, तिसऱ्या मजल्यावर,
कॉफी अजून निवायची होती.
मदतकक्षातल्या सहा वर्षांत
कोऱ्या पानाचं इतकं नेमकं वर्णन
मला कुणी सांगितलं नव्हतं.

फाइल लोकरीच्या गिरणीची, क्लाउडवर ठेवलेली.
ब्राउझरच्या कोपऱ्यातलं चिन्ह दाबलं
की उघडायची, लिहू द्यायची:
रंग, वजन, गिऱ्हाइकांची नावं.
आता चिन्हच राखाडी.
"राखाडी म्हणजे कसं?"
"मेंढीसारखं," त्या म्हणाल्या. "आजारी मेंढीसारखं."

काढा म्हटलं, काढलं.
पुन्हा घाला म्हटलं, घातलं.
कुकीज पुसल्या, कॅश झाडली,
ब्राउझर मिटला, उघडला,
कोरं पान तसंच कोरं.
मग खासगी खिडकीत उघडून पाहिलं
आणि फाइल निमूट समोर आली,
जसं काही झालंच नव्हतं.
म्हणजे वाट अडवणारा घरातलाच होता.

"एक्स्टेन्शन्स किती आहेत तुमच्याकडे?"
"अकरा. तुम्हाला फार वाटतात का?"

एकेक बंद करत गेलो.
फेरीबोट सुटणार की वाऱ्यामुळे थांबणार, ते सांगणारं.
स्वीडिश शब्दाखाली अर्थ दाखवणारं
(बहीण गॉटलंडला; तिची पत्रं आता सून लिहिते,
आणि सुनेला एस्टोनियन येत नाही).
अंधार पडला की पान काळं करणारं.
चंद्राच्या कलांचं.
विणकामाचे टाके मोजणारं.
एकाचं काम काय, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं, मलाही.
"राहू दे ते," त्या म्हणाल्या, "कुणाला त्रास देत नाही."
दर वेळी पान ताजं करायचं, दर वेळी कोरं.
चोर मोकळा होता
आणि मी संन्याशांना रांगेनं सुळावर चढवत होतो.

नववा पहारेकरी.
बाहेरच्या कुठल्याच साइटची कुकी आत येऊ न देणारा.
दोन वर्षांपूर्वी बँकेचा म्हणून कुणाचा तरी फोन आला होता,
एकशे नव्वद युरो गेले,
त्याच रात्री यांनी हा बसवला.
"त्याची काय चूक," उर्वेबाई म्हणाल्या,
"मीच सांगितलं होतं, कुणालाही सोडू नकोस."
मी त्याला काढला नाही.
एका पत्त्यापुरती सूट दिली फक्त,
आणि चिन्हाला रंग आला.

फाइल उघडली.
वर पिवळी पट्टी: फक्त वाचण्यासाठी.
दुसरं कुणीतरी संपादन करत आहे.
"कोण?" मी विचारलं.
त्या गप्प. मग चष्मा पुसल्याचा आवाज.
"इथं लिहिलंय, उर्वे काल्युवे."
"आणि त्या कोण?"
"मीच की."

शुक्रवारी गिरणीतल्या कॉम्प्युटरवर
उघडी ठेवून आल्या होत्या.
तीन दिवस ती दुसरी उर्वे
थंड शेडमध्ये, कातायच्या यंत्राशेजारी,
चव्वेचाळिसाव्या ओळीवर बोट ठेवून बसून होती.
"आलेच," त्या म्हणाल्या, "तिला उठवून येते."
फोन टेबलावर.
बुटांचे आवाज, दार, मग नुसता वारा.

सर्व्हर वीस मिनिटांत आपोआप कुलूप काढतो बहुतेक वेळा,
हे सांगायचं माझ्या तोंडाशी आलं होतं.
सांगितलं नाही.
का, ते मलाही नीट कळलेलं नाही.
शेअर केलेल्या स्क्रीनवर मी ती ओळ वाचत राहिलो:
*लिंडव्हाल्ड, गडद निळी, बारा किलो,*
पुढचा रकाना अर्धा: *पाठवा*
की *पाठवू नका*, तिथंच थांबलेला.

नऊ एक्कावन्नला नावाचा हिरवा ठिपका विझला.
पट्टी गेली.
फोनवर मात्र कुणीच नाही,
परतायला चारशे मीटर बर्फ.

तिकीट बंद करताना फॉर्म विचारतो, कारण?
यादीत आहे: नेटवर्क, परवाना, जुनी आवृत्ती,
वापरकर्त्याची चूक.
खाली, सगळ्यात शेवटी: इतर.
मी इतरवर बोट ठेवलं,
आणि बुटांचा आवाज येईपर्यंत
दाबलं नाही.