उसना नमुना

चिनांदेगाच्या रस्त्याला पत्र्याच्या खोलीत बसून
मी दिवसाला साठ माणसांची लघवी तपासते.
ऊस कापणारे हे गडी, मनगटांवर पात्यांचे वण,
पण कप पुढे करताना दुसरीकडं बघतात,
चोरीचा माल असल्यासारखं.
पहिली धार सोडा, मधली धरा,
हे वाक्य सकाळपासून साठदा.
तोडणी तोंडावर आली की कारखान्याला कागद लागतो:
गड्याची मूत्रपिंडं धड आहेत.

मूत्रपिंड करतं काय, असं विल्मरनं मागे विचारलं होतं.
म्हटलं, मुठीएवढं असतं. कण्याच्या दोन्ही अंगांना एकेक.
आत केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचे गुंते, लाखांनी.
रक्त तिथं दाबानं येतं आणि झिरपतं:
पाणी, मीठ, साखर, युरिया,
भलंबुरं न बघता.
मग पुढच्या नळीत आवराआवर सुरू होते.
साखर परत घे, मीठ लागेल तेवढं घे,
पाणी तर घेच घे.
दिवसाला एकशेऐंशी लिटर गाळायचं,
टाकायचं जेमतेम दीड.
"एवढी चिकट? आमची आईच की," तो हसला.

आज त्याचा कप हातात घेतला
तर गार.
लघवी अंगातून येते, अंगाइतकी ऊबदार असते.
माझ्या तळहाताला हे अकरा वर्षं पाठ आहे.
बोलले नाही काही.
पट्टी बुडवली, कडेला निथळली, घड्याळ पाहिलं.
साठ सेकंद.
विल्मर भिंतीवरची पाल बघत होता.

प्रथिनांचा चौकोन पिवळाच राहायला हवा.
हिरवा झाला,
टाकीच्या तळाच्या शेवाळासारखा.
शेजारी रक्ताच्या चौकोनावर बारीक ठिपके.

"कुणाची?"
"माझीच."
"विल्मर."
बाहेर रांगेत कुणीतरी खोकलं.
"एडेरची. धाकट्याची.
सतराचा आहे. पातं नाही धरलं अजून त्यानं,
फडात पाणी पोचवतो नुसता.
म्हटलं, त्याची तरी स्वच्छ असेल."

एका पट्टीवर काही ठरत नाही, मी म्हटलं.
ताप असेल. लांबून पळत आला असेल.
पुन्हा बघू, रक्तही बघू, दोघांचं.
ही वाक्यंही मला पाठ आहेत,
पण आज मधेच एक शब्द सुटला.

अर्जावर नावाचा रकाना.
पेन तिथं टेकवलं, उचललं.
त्याला म्हटलं, उद्या त्याला घेऊन ये,
सकाळची पहिली, इथंच, गरम.

तो उठला. दारापर्यंत गेला, वळला,
आणि कप परत मागू लागला,
शेजारणीकडून आणलेली वाटी
परत करायची असते, तसा.