पीस

अक्कलकोट रोडच्या कारखान्यात
चेकिंगच्या टेबलावर बसले तेव्हा
इंग्रजीतले दोनच शब्द पक्के येत होते मला:
ओके आणि पीस.
ओके कमी लागायचा.

पीस म्हणजे टॉवेल. तीस बाय साठ,
कडा शिवलेल्या, तेलाचा डाग नाही,
उभ्यातला धागा तुटका नाही.
मल्लेशमकाकांना विचारलं, किती वाजेपर्यंत आहात,
तर वाजले-बिजले ते सांगायचे नाहीत.
"अजून वीस पीस," म्हणायचे,
लूमच्या आवाजावरून आवाज टाकून.

चाटी गल्लीत गेलं की त्याचा कट-पीस व्हायचा.
भावाचा युनिफॉर्म त्यातलाच.
खिसा अंगापेक्षा जरा जास्त निळा,
म्हणून तो वर्षभर
दप्तराचा पट्टा खिशावर ओढून चालला.

सावजीत रस्सा मागाल तेवढा,
पीस मात्र मोजून.

आणि कन्ना चौकात, डबा घेऊन वळताना,
पानपट्टीवरून: "काय पीस आहे बे!"
मी एकोणीस वर्षांची. मान वळवली नाही.
पण डोक्यात आपोआप सुरू झालं,
डाग कुठं, धागा कुठं,
एक्स्पोर्टमध्ये टाकतील का सेकंडमध्ये.
हेच चार शब्द त्याच पानपट्टीवरून
मे महिन्यात स्वेटर घालणाऱ्या गड्डम मास्तरांनाही जायचे.
तेवढाच काय तो दिलासा.

ओटीतला ब्लाऊज-पीस कुणी शिवत नाही, फिरवतात.
मी अनसूया मादासला दिलेला जांभळा
दोन वर्षांनी, कुणाकुणाच्या कपाटात राहून,
डोहाळजेवणात माझ्याच पदरात पडला.
काठाजवळ एक गाठ होती. ओळखली मी.
पगारच मिळतो मला त्याचा.

हारिका माझी आता इंग्रजी शाळेत.
परवा म्हणाली, मम्मी, पीस म्हणजे शांतता.
स्पेलिंग वेगळं असतं त्याचं.
म्हटलं, स्पेलिंग कोण बघतंय,
आणि कुकर लावला.

रात्री मात्र आठवलं
लाइट जायची तेव्हाचं.
चाळीस लूम एका दमात गप्प.
पीस थांबायचा आणि पीस सुरू व्हायचा.
पहिलं मिनिटभर कान दुखायचे.
मग पत्र्याखालचे पारवे ऐकू यायचे,
दिवसभर तिथंच असायचे म्हणे ते,
आणि एखादं पीस, आपलं, मराठीतलं,
गिरक्या घेत यायचं खाली.
त्याला घाई नसायची,
त्याला कुणी डझनावर पैसे देत नव्हतं.
आम्हालाही नाही, तेवढ्या वेळात.
लाइट नसल्याचा दर कुणी ठरवलेला नव्हता.

एकदा ते ताण्यावर पडलं आणि लाइट आली.
दुपारी माझ्या हाताला लागलं,
पांढऱ्यात राखाडी, विणून बसलेलं,
टॉवेलहून मऊ.
नियमानं तो पीस सेकंडचा.
मी ओकेच्या गठ्ठ्यात सरकवला.
गेला कुठल्यातरी बंदराला,
कुणाच्यातरी ओल्या तोंडावर.

लाइट येईतो गठ्ठ्यांवर डाव मांडायचे सगळे.
मल्लेशमकाकांचे कान लूमनं कधीच खाल्लेले,
त्यामुळं त्या शांततेतही ते ओरडूनच बोलायचे,
अख्ख्या शेडला, पारव्यांना,
बाहेर सायकल लावणाऱ्या वॉचमनलाही ऐकू जाईल असं.
मी वर पत्र्याकडे बघत बसलेली,
पत्ते तसेच हातात.
"काय बघूलालीस पोरी? पीस की!
पीस!"